कोरी पट्टी

दुखण्याच्या गोळ्या बंद करा, असं डॉक्टरांनी आत्याला सांगितलं तेव्हा मी तिच्या शेजारच्या स्टुलावर बसले होते. इंदापूरचा दवाखाना. डॉक्टरांनी आधी तिची बोटं एकेक करून दाबून पाहिली, मग पोट दाबलं. मी कॉलेजात जाणारी दिसत होते म्हणून असेल, पण नंतरचं सगळं ते माझ्याकडे बघून इंग्रजीत बोलले. जठराच्या आतल्या बाजूला जखम आहे, एकदा रक्त गेलेलं आहे, यापुढे सांधेदुखीची एकही गोळी पोटात गेली आणि पुन्हा रक्त सुटलं तर काही सांगता येणार नाही. मग आत्याकडे वळून मराठीत एवढंच म्हणाले, "गोळी खायची नाही हं आता. कळलं का?"

"व्हय," आत्या म्हणाली. "आन् हातांचं वो?"

"हात शेका."

बाहेर आल्यावर तिनं पदर डोक्यावर ओढला आणि मला विचारलं, "काय म्हनत हुता गं तुला इतका वेळ? आन् मला निस्तं दोन शब्दांत गुंडाळलं."

मी म्हणाले, "गोळ्यांनी पोटाला जखम झाली आहे. गोळ्या परत घेतल्यास तर जिवाला धोका आहे."

"जिवाला व्हय," ती म्हणाली. "मला वाटलं पोटालाच."

आत्याला आमवात होता. पहाटे उठल्यावर तिची मूठ वळत नसे. बोटं करंगळीच्या बाजूला झुकलेली होती, वारं लागून उभी ज्वारी एका अंगाला कलते तशी. भाकरी थापताना ती बोटांनी न थापता तळव्याच्या मुळानं थापायची, म्हणून तिच्या भाकरीला एका बाजूला खोलगट ठसा पडायचा. गोळी घेतली की सहा-सात तास बोटं ऐकायची. तेवढ्या वेळात ती खुरपायची, धुणं धुवायची, जनावराचं बघायची. गोळी नाही तर दिवस नाही, असा तिचा सरळ हिशेब होता. डॉक्टरांनी तिच्यापुढे हात आणि पोट ठेवले होते आणि यातलं एक निवड असं सांगितलं होतं.

ती माझ्या वडिलांची मोठी बहीण. इंदापूर तालुक्यातल्या कळस गावी राहायची, एकटीच. नवरा लवकर गेलेला, मूल नाही. त्यांची आई वारल्यावर पप्पांना तिनंच वाढवलं. लोकांच्या रानात खुरपून तिनं त्यांना शिकवलं आणि ते वालचंदनगरच्या कारखान्यात नकाशे काढायच्या खात्यात लागले. आम्ही कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये राहायचो. बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली माझी बक्षिसं. मला इंग्रजी शाळेत घालायचं हा निर्णय पप्पांचा, पण त्यामागे आत्या होती. "आमी बोलतो ते बास झालं," ती त्यांना म्हणाली होती म्हणे. "तिला सायबाचं बोलू द्या."

त्याचा परिणाम असा झाला की मला तिच्याशीच नीट बोलता येईना. घरी मराठी, पण ती चहा-पाणी-जेवणापुरती. मोठं काही सांगायचं तर वाक्य आधी डोक्यात इंग्रजीत उभं राहायचं आणि मराठीत येईपर्यंत त्याची हवा गेलेली असायची. ते दार की ती दार, एकोणसाठ म्हणजे नक्की किती, असल्या जागी मी अडखळायचे. कळसला बायका हसायच्या. वाईट मनानं नाही, पण हसायच्या. शेजारच्या वहिनी तर मला मुद्दाम अवघड आकडे विचारायच्या. त्यांच्या घरी पूर्वी मेंढरं होती, आता डाळिंबाची बाग होती. आत्याचं रान तेच वाट्यानं करायचे. त्यामुळे मी तिथे कमी बोलायचे, लहान वाक्यं बोलायचे, आणि बघत राहायचे. मला वाटायचं, बघितलं की पुरतं.

मी तेव्हा बारामतीला फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होते. प्रोजेक्टसाठी विषय निवडायचा होता. आमचे एक सर पुण्याहून झेरॉक्स केलेले शोधनिबंध घेऊन यायचे. त्यांच्या पिशवीतून मी जो कागद उचलला, त्यात कातडीवर लावायच्या पातळ पापुद्र्यांबद्दल लिहिलं होतं. सूज उतरवणारं औषध त्या पापुद्र्यात भरायचं, पापुद्रा अंगाला चिकटवायचा, आणि औषध हळूहळू कातडीतून आत जाईल. पोटाच्या वाटेनं जाणार नाही. तो कागद मी दोनदा वाचला आणि सरांना म्हणाले, मला हाच विषय हवा. त्यांनी का असं विचारलं, तर मी सांगितलं की इंटरेस्टिंग वाटतो. आत्याचं नाव काढलं नाही. घरचं बाहेर सांगायची मला सवय नव्हती.

काम असं होतं. डायक्लोफिनॅक हे औषध, जे आत्याच्या गोळ्यांत असायचं तेच, त्याचे अतिशय बारीक कण करायचे. किती बारीक, तर केसाच्या जाडीत हजार कण शेजारी शेजारी बसतील इतके. सर तेव्हा नॅनो हा शब्द वापरायचे आणि वापरताना आवाज थोडा खाली आणायचे. आमच्या सूक्ष्मदर्शकात ते कण दिसायचेच नाहीत. पण द्रव नीट जमला की तो निळसर दिसायचा, दुधाचं भांडं विसळलेल्या पाण्यासारखा, आणि त्यावरून ओळखायचं. मग तो द्रव चिकट गोंदासारख्या द्रावणात मिसळून काचेच्या पसरट बशीत ओतायचा. वर काचेचं नरसाळं उलटं ठेवायचं, म्हणजे एकदम वाळून भेगा पडत नाहीत. दुसऱ्या दिवशी ब्लेडनं कड सोडवली की पापुद्रा सुटून यायचा, पारदर्शक, कांद्याच्या आतल्या सालीसारखा. तो पहिल्यांदा अखंड निघाला त्या दिवशी मी हातावर घेऊन खिडकीपाशी किती वेळ उभी होते.

आत्याला मी हे समजावायचा प्रयत्न केला. ती अंगणात मटकी निवडत बसली होती.

"म्हंजी कातड्यातनं आत मुरणार?" ती म्हणाली. "आन् घाम तर बाहीर येतो की. समोरासमोर भांडत न्हाईत का दोघं?"

मला हसू आलं. प्रश्न बरोबर होता. सरांनी तोच प्रश्न मला वेगळ्या शब्दांत विचारला होता.

"अजून तयार नाही ते, आत्या. आधी काचेत तपासायचं, मग प्राण्यांवर, मग माणसांवर. दहा वर्षं लागतील."

"दहा वर्सं? बरं. सांगून ठिवते बोटांना."

काचेत तपासायला कातडी लागायची. शोधनिबंधात लिहिलं होतं की सापाची टाकलेली कात माणसाच्या कातडीच्या जवळपास वागते. बारामतीच्या हॉस्टेलवर राहून मी कात कुठून आणणार? मी सहज बोलून गेले. पुढच्या रविवारी आत्यानं वर्तमानपत्रात गुंडाळलेली, बांधावरच्या बाभळीखाली सापडलेली, पुरी हातभर कात माझ्यापुढे ठेवली. शेपटीपासून डोळ्यांपर्यंत अखंड. वहिनी दारातूनच ओरडल्या, "आक्का, पोरगी औषधाचं शिकती का गारुड्याचं?"

"गप ए," आत्या म्हणाली. "तिच्या परीक्षेला लागती ती."

परीक्षा. तिनं माझ्या सगळ्या प्रोजेक्टला तो एकच शब्द दिला होता. मी तो दुरुस्त केला नाही.

त्या कातेतून औषध हळूहळू पलीकडे गेलं. काचेच्या दोन कपांमध्ये तिचा तुकडा ताणून बसवायचा, वर पापुद्रा, आणि तासातासानं खालचं पाणी काढून तपासायचं. आकडे चढत गेले. ते बघताना मला जे वाटलं ते मी कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं, दहा वर्षं नाही लागणार.

राहिला प्रश्न घामाचा. पापुद्रा घामात, धुळीत, कामात कातडीवर किती टिकतो हे बघायचं होतं. सरांनी बजावलं होतं की औषध भरलेला पापुद्रा कुणालाही लावायचा नाही. बिनऔषधाचा हवा तर लावून बघा. आम्ही मैत्रिणींनी स्वतःच्या हातांवर लावले, पण आमचे हात प्रयोगशाळेतले, पंख्याखालचे. मला रानात काम करणारा हात हवा होता. हे मी सरांना सांगितलं आणि ते म्हणाले, चालेल, पण त्या बाईंना नीट सांग की यात काही नाही.

मी सांगितलं. निदान मला तसं वाटलं.

पौषातला रविवार होता. आत्या ओट्यावर बसली होती, दोन्ही हात उन्हात पसरून. मी बटर पेपरमधून पट्टी काढली. बिनऔषधाच्या पापुद्र्याला आम्ही प्रयोगशाळेत इंग्रजीत ब्लँक म्हणायचो, त्याला मराठी काय, हे मी एसटीत बारामतीपासून शोधत आले होते. कोरा कागद मला माहीत होता. म्हणून मी म्हणाले, "आत्या, ही पट्टी कोरी आहे."

तिनं मान वर केली. "कोरी?"

"हो. एकदम कोरी."

"आन् मला लावतीस? आधी मला?"

"तुलाच लावायची आहे."

ती उठली. आत जाऊन साबणानं मनगटं धुऊन आली, पदरानं कोरडी केली आणि दोन्ही हात माझ्यापुढे धरले. तिचा चेहरा बदलला होता. मी तो बदल पाहिला. आजही मला तो दिसतो, म्हणजे तेव्हाही दिसला होता. पण विचारायचं तर लांब वाक्य जुळवावं लागलं असतं, आणि शिवाय ती इतकी खूश दिसत होती. मी दोन्ही मनगटांवर एकेक पट्टी चिकटवली, अंगठ्यानं कडा दाबल्या. तिला सांगितलं की पट्टी कधी सुटते ते लक्षात ठेव, सुटली की दुसरी लाव, आणि सुटलेली जपून ठेव. पुरेशा पट्ट्या मी बरोबर आणल्या होत्या.

पुढच्या रविवारी गेले तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर, ज्या तारखेला पट्टी सुटली त्या तारखेच्या चौकोनात तिनं ती चिकटवून ठेवली होती. लिहिता येत नसलेल्या बाईनं ठेवलेली ती नोंद आमच्या वर्गातल्या कुणाच्याही वहीपेक्षा नेटकी होती.

"आणि कसं वाटतंय?" मी सवयीनं विचारलं.

"लई हलकं वाटतंय," ती म्हणाली. "ह्ये बघ." आणि तिनं मूठ वळून दाखवली. पूर्ण नाही, पण वळली.

मला धक्का बसायला हवा होता. पट्टीत काही नव्हतं. पण मी शिकलेली होते. औषध नसलेल्या गोष्टीनंही माणसाला बरं वाटतं, याला आमच्या पुस्तकात एक शब्द होता, प्लासिबो. परीक्षेत त्यावर टीप लिहा असा प्रश्न यायचा. तो शब्द मला तिथे ओट्यावर आठवला आणि मी इतकी खूश झाले, जणू पुस्तकातली आकृती रानात उगवलेली दिसली. वहीत मी एक रकाना जास्त आखला आणि त्यात तो शब्द लिहिला. पुढच्या रविवारी पुन्हा. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा.

"गोळी घेत नाहीस ना?" एवढं मी दर वेळी विचारायचे.

"छ्या. आता कशाला?" ती म्हणायची आणि मनगट वर करून दाखवायची.

गावातल्या बायकांनाही ती दाखवायची. विहाराच्या पायरीवर, पिठाच्या गिरणीत. "माझ्या भाचीनं केलंय. बशीत साय धरल्यावानी धरतात. कोरं हाय, अजून कुनालाच दिलं न्हाय." मी शेजारी उभी असायचे आणि लाजायचे. हे शेवटचं वाक्य मी कानांनी ऐकलेलं आहे. ते माझ्यासमोर म्हटलं गेलं आणि तरीही मला त्यात काही वेगळं ऐकू आलं नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी कॉलेजच्या ऑफिसात माझ्यासाठी फोन आला. पप्पा होते. आत्याला काळी उलटी झाली, इंदापूरहून बारामतीला आणतायत, तू थेट दवाखान्यात ये. मी बशीत द्रावण ओतत होते. नरसाळं ठेवायचं राहिलं, ते मला दुसऱ्या दिवशी आठवलं.

आत्याचा रंग राखेसारखा झाला होता. सलाईन लावायला शीर सापडत नव्हती आणि नर्स मनगटाशी आली तर तिथे पट्टी. "हे काय आहे? काढा," ती म्हणाली. मी कडेला नख घातलं. पट्टी घट्ट बसली होती, चांगली बसली होती, सोडवताना कातडी तिच्याबरोबर वर उचलली गेली. सात आठवडे मी जे तपासत होते त्याचं उत्तर ते होतं.

डॉक्टर तरुण होते, घाईत होते. "दुखण्याच्या कुठल्या गोळ्या चालू होत्या?"

"कुठल्याच नाहीत," मी म्हणाले. "इंदापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हाच बंद केल्या."

"नक्की?"

"नक्की. मी फार्मसीला आहे."

हे मी इंग्रजीत म्हणाले. इंग्रजीत मी अडखळत नाही.

वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्याच आत्याला जीपमध्ये घालून घेऊन आल्या होत्या. त्यांना इंग्रजी कळत नव्हतं, पण गोळ्या हा विषय चाललाय हे कळलं असावं. त्यांनी पप्पांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग कमरेची पिशवी सोडून कागदाची पुडी काढली. ती आत्याच्या उशाखाली सापडली होती. पुडीत गोळ्या होत्या, दुकानात सुट्या मिळतात त्या, लाल आणि पांढऱ्या मिसळलेल्या.

"ह्या खात हुती," वहिनी म्हणाल्या. "आधी एक खायची. ह्या दोन म्हैन्यांत दोन-दोन, कवा तीन. मीच आनून द्यायची, दादा. मला काय ठावं?"

पप्पांनी विचारलं, "पट्टीनं बरं वाटतंय म्हणत होती ना ती?"

"पट्टीनं कुठलं!" वहिनींनी डोळे पुसले. "मी म्हनलं बी आक्काला, गुन येत न्हाय तर सांग की पोरीला. तर म्हनली, पयलं कोरं औषध माझ्या हाताला लावलंय तिनं, त्याला नाव कसं ठिवू? सायब लोक तिला नापास करतील. रविवारी पोरगी यायच्या आधी दोन गोळ्या टाकायची, म्हंजी मूठ वळून दावता येती."

डॉक्टरांनी पुडी हातात घेतली, वास घेतला, आणि माझ्याकडे न बघता केसपेपरवर लिहायला लागले.

तिला रक्त चढवलं. दोन दिवस ती बरी होती. पप्पा तिला विचारत होते, काय खावंसं वाटतं, आणि ती म्हणत होती, भिगवणची चिलापी मासळी, तिखट. डॉक्टरांनी थंड दूध सांगितलं होतं. "दूध आन् मी," ती म्हणाली, "वासरू समजलं काय मला?" पप्पा हसले आणि उठून बाहेर गेले.

मी तिच्याजवळ एकटी होते. सांगायचं की नाही, याचा मी सकाळभर विचार केला होता. न सांगणं सोपं होतं. तिला वाटत राहिलं असतं की भाचीचं औषध थोडं कमी पडलं, एवढंच. पण ती बरी होऊन घरी जाणार होती असं मी धरून चालले होते, आणि घरी जाऊन तिनं पुन्हा त्याच गोळ्या खाल्ल्या असत्या.

"आत्या, त्या पट्टीत औषध नव्हतं."

तिनं उशीवरून मान उचलली.

"नव्हतं म्हंजी?"

"नुसता पापुद्रा होता. चिकटून किती राहतो तेवढंच बघायचं होतं. गुण यायचाच नव्हता. मी तुला सांगितलं होतं."

"कवा सांगितलंस?"

"पहिल्याच दिवशी. कोरी आहे म्हणाले."

आत्यानं डोळे मिटले. मला वाटलं तिला झोप लागली. मग ती डोळे न उघडताच म्हणाली, "कोरं लुगडं आसतं गं. कोरं मडकं आसतं. कुनी न वापरलेलं. मला वाटलं, नवंकोरं औषध हाय आन् पयल्यांदा मला." मग ती म्हणाली, "रिकामी हाय म्हनायचंस की. रिकामी."

रिकामी. हा शब्द मला येत होता. रिकामा डबा, रिकामी बस, रोजचा शब्द. तो मला एसटीत आठवला नाही, कारण मी चांगला शब्द शोधत होते.

"मी खोटं बोलले आन् तू खरं बोलून बी खोटीच पडलीस," ती म्हणाली. "दोघी बी नापास." आणि तिनं खरोखर हसायचा प्रयत्न केला. तिचा हात माझ्या हातात होता. मनगटावर पट्टीचा चौकोन अजून उमटलेला होता, आजूबाजूच्या कातडीपेक्षा उजळ.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा रक्त सुटलं. ऑपरेशनसाठी आत नेलं, आणि त्यातून ती बाहेर आली नाही.

पप्पांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. कळसला घर उघडलं तेव्हा ते कॅलेंडरसमोर उभे राहिले. चौकोनांत चिकटलेल्या पट्ट्या उन्हात चमकत होत्या, तारखांचे आकडे त्यातून दिसत होते. नकाशा तपासायच्या सवयीनं त्यांनी एका ओळीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे सगळे दिवस चालू होतं?" मी हो म्हणाले. त्यांनी कॅलेंडर उतरवलं नाही आणि मलाही उतरवू दिलं नाही. वहीतला मी जास्त आखलेला रकाना मात्र मी हॉस्टेलवर परत गेल्यावर काढला. सर म्हणाले की नुसतं खोड. मी पानच फाडलं.

जलदान विधीला गाव जमलं. भंतेजींचं झालं, जेवणं झाली, पुरुष मांडवात बसून राहिले. मी आतल्या खोलीत भांडी पुसत होते. बायका एकेक करून आत यायला लागल्या. आधी मला वाटलं माझं सांत्वन करायला. मग एकजण, पाठीतून पार वाकलेली म्हातारी, माझ्याजवळ टेकली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "बाय, आक्काला तू ती पट्टी लावायचीस का न्हाय, तसली एखांदी हाय का गं? माझं गुडघं लई धरत्यात."

"मला बी खांद्याला," मागून कुणीतरी म्हणालं. "आक्का लई सांगायची तिचं. लगीच मूठ वळायची म्हनं."

वहिनी दारात उभ्या होत्या. सांगायचं ते मीच सांगायचं होतं. खरं सांगितलं तर मेलेली आत्या सगळ्या गावापुढे खोटी पडणार होती. नाही सांगितलं तर या बायका दर रविवारी माझ्या वाटेकडे बघत राहणार होत्या.

"पट्टी रिकामी होती," मी म्हणाले. "त्यात काहीच नव्हतं. आत्या गोळ्या खात होती. मला वाईट वाटू नये म्हणून खात होती आणि बरं वाटतंय म्हणून सांगत होती. त्या गोळ्यांनीच ती गेली."

कुणी हसलं नाही. मी लहान वाक्यं बोलले होते आणि ती सगळ्यांना कळली होती. बाहेर ताटांचा आवाज चालू होता.

"कसली गोळी?" म्हातारीनं विचारलं.

"दुखण्यावरची. दुकानात मिळते ती."

तिनं कनवटीला हात घातला, गाठ सोडली आणि तळहात माझ्यापुढे केला. दोन लाल, एक पांढरी. "हीच का?"

मी बघितलं. मग दुसरीनं ब्लाउजमधून चुरगळलेला कागद काढला. तिसरीनं पिशवीतून पाकीट काढलं, त्याच्यावरचं नाव अर्धं फाटलेलं. खोलीत सात-आठ बायका होत्या आणि प्रत्येकीजवळ काहीतरी होतं. मी एकेक हातात घेऊन, उजेडाकडे धरून बारीक अक्षरं वाचली. हीच, मी सांगत गेले. ही पण तीच. ही नाही, ही तापाची आहे, ही चालेल. ही तीच. उपाशीपोटी खायची नाही. पोटात जळत असेल, शौचाला काळं होत असेल तर अजिबात नाही, लगेच इंदापूरला जायचं. मी हे इतक्या वेळा सांगितलं की शेवटी माझी वाक्यं त्यांच्यासारखी यायला लागली.

म्हातारी सगळं ऐकून घेत होती. मान हलवत होती. मी तिच्या गोळ्या तिला परत दिल्या आणि विचारलं, "आजी, पोटात जळतं का तुमच्या?"

"जळतं की," ती म्हणाली.

"मग ह्या खायच्या नाहीत. काय सांगितलं मी?"

"खायच्या न्हाईत," ती म्हणाली. तिन्ही गोळ्या तिनं पुन्हा कनवटीला ठेवल्या, दातानं धरून गाठ आवळली, आणि भिंतीला हात लावत उठली. "उद्या कांद्याची खुरपनी हाय गं, बाय. तेवढी हू दे."